घट्ट वेगळं, चिवट वेगळं

दोन वाट्या समोर घ्या. एकीत चायना ग्रासची जेली, म्हणजे अगार : शंभर ग्रॅम पाण्यात दोन ग्रॅम घालून पूर्ण विरघळेपर्यंत उकळलेलं आणि ओट्यावरच निवू दिलेलं. दुसरीत जिलेटिनची जेली : शंभर ग्रॅम पाण्यात सात ग्रॅम, कोमट करून विरघळवलेलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं. (जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघतं. घरात ते चालत नसेल तर नुसत्या अगारवर भागवा. पुढचे प्रयोग त्याच्यावरच करायचे आहेत.) साखर, रंग काही नको. आता दोन्हींवर बोट टेकवून हलकेच दाबा. अगार बोटाला अडवतं. जिलेटिन डुगडुगतं आणि बोटाखाली सहज दबतं. यांतलं मजबूत कोणतं, असं आत्ता विचारलं तर हात अगारकडे जाईल.

मग दोन्हींतून बोटाएवढी एकेक कांडी कापा आणि टोकांना धरून वाकवा. अगारची कांडी जरा वाकते न वाकते तोच मोडते. मोडलेली बाजू स्वच्छ आणि ओली असते, बोट लावलं तर पाणी लागतं. जिलेटिनची कांडी वाकते, आणखी वाकते, घोड्याच्या नालासारखी होते आणि एक टोक सोडलं की पुन्हा सरळ होते.

मराठीत हा फरक आपण रोज बोलतो. दही घट्ट असतं, चिक्की ठिसूळ असते, वेल चिवट असतो, शिळी पोळी वातड होते. घट्ट दह्याला कोणी चिवट म्हणत नाही. बोटाने दाबून कळतो तो घट्टपणा. चिवटपणा दाबून कळत नाही. तो कळायला वस्तू मोडावी, फाडावी लागते, आणि तीही अशा हिशेबाने की फाटताना किती ऊर्जा खर्ची पडली ते मोजता यावं. मऊ जेलच्या बाबतीत हे मोजमाप कसं करतात, ते इथे सावकाश पाहू.

जेल म्हणजे पाण्यात उभं राहिलेलं जाळं. लांब लांब रेणूंच्या साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींशी जोडल्या जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत पाणी अडकून राहतं. आपल्या अगारच्या वाटीत शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणीच आहे, तरी वाटी उपडी केली तर ते सांडत नाही. अगारमध्ये या साखळ्या समुद्रशैवालातल्या शर्करेच्या असतात, जिलेटिनमध्ये प्रथिनांच्या. दही हेही जेलच. दुधातलं केसीन आंबटपणामुळे एकमेकांना धरतं. खरवसात उष्णतेने प्रथिनांचं जाळं होतं, आणि जाळं दाट असलं की जेल घट्ट, हे खरवस करणाऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. पहिल्या दिवसाच्या चिकात भरपूर साधं दूध मिसळतात, कारण नुसत्या चिकाचा खरवस फार घट्ट होतो. तिसऱ्या दिवसाच्या चिकात दूध घालताना हात आखडता घेतात, नाही तर वडी धरतच नाही.

घट्टपणा मोजायची पद्धत आधी रुळली, कारण तिची गरज बाजाराला होती. सरस आणि जिलेटिन विकणाऱ्याला आपला माल दुसऱ्यापेक्षा किती चांगला हे आकड्यात सांगायचं होतं. ऑस्कर ब्लूम या अमेरिकी गृहस्थाला १९२५ साली त्यासाठीच्या यंत्राचं पेटंट मिळालं. कल्पना साधी होती. ठरावीक भांड्यात ६.६७ टक्के जिलेटिनचं पाणी ओतायचं, १० अंश सेल्सियसला सतरा तास ठेवायचं आणि वरून अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाची सपाट दांडी जेलमध्ये ४ मिलिमीटर खाली दाबायची. तेवढं दाबायला जितके ग्रॅम वजन लागेल तो त्या जिलेटिनचा ‘ब्लूम’. जुन्या यंत्रात दांडीवरच्या भांड्यात शिशाचे बारीक छर्रे पडत राहायचे आणि ठरलेली खोली गाठली की धार बंद व्हायची. मग छर्रे तोलायचे. बाजारातलं जिलेटिन साधारण ५० ते ३०० ब्लूमच्या दरम्यान असतं, आणि गोळ्या-कॅप्सूल करणारे आजही याच आकड्यावर मालाची मागणी नोंदवतात.

सतरा तास कशाला, असा प्रश्न पडावा आणि पडलाच पाहिजे. जिलेटिन एकदा धरलं की थांबत नाही. त्याच्या साखळ्या तासन्‌तास एकमेकींना पीळ घालत राहतात आणि जेल हळूहळू घट्ट होत जातं, आधी भराभर, मग सावकाश. दोन तासांनी मोजलेलं आणि रात्र उलटल्यावर मोजलेलं हे एकच जेल नव्हे. तापमानाचंही तसंच. मऊ जेलचा आकडा सांगताना किती वेळ ठेवलं आणि किती अंशांवर मोजलं हे सांगितलं नसेल, तर तो आकडा अर्धाच समजावा. आकडा घाईने लिहून घ्यायचा आणि परिस्थिती लिहायची विसरायची, ही चूक प्रयोगशाळांमध्येही सर्रास होते आणि मग दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत.

हे मोजमाप घरी होतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर अगारची वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. जाड मार्करचं मागचं सपाट टोक घ्या, टोकापासून ४ मिलिमीटरवर पेनाने रेघ मारा. मार्कर उभा धरून रेघेपर्यंत सावकाश दाबा आणि काट्यावरचा आकडा वाचा. तुम्ही जेवढा जोर लावता तेवढा काट्याला वजन म्हणून दिसतो. यापलीकडे त्यात काही नाही. व्यवसायातल्या टेक्स्चर अ‍ॅनालायझरमध्ये दांडी मोटारीने ठरलेल्या वेगाने उतरते आणि जोर लोड सेल मोजतो, एवढाच फरक. सपाट दांडीऐवजी पोलादी गोळी घेतली तर १८८० च्या दशकात हाइनरिश हर्ट्‌झने बसवलेल्या गणिताने त्याच मापातून जेलचा लवचिकतेचा गुणांक काढता येतो.

पण बघा, या सगळ्यात जेल मोडलेलं नाही. ब्लूमच्या पद्धतीत तर ते मोडू नये हीच अट आहे. मोडेपर्यंत दाबायची रीत अगारच्या व्यापारात जपानी पद्धतीने आली : दीड टक्के अगार, २० अंश, एक चौरस सेंटिमीटरच्या दांडीवर वाढतं वजन, आणि जेल वीस सेकंद तग धरू शकतं ते जास्तीत जास्त वजन नोंदवायचं. ही झाली ताकद. ती उपयोगाची आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. एकाच पातेल्यातून ओतलेल्या सहा वाट्या घ्या, सहा वेगळे आकडे येतील. एकीत बुडबुडा राहिलेला असतो, एकीत न विरघळलेला कण, एकीची कड साच्यातून काढताना दुखावलेली. मोडण्याची सुरुवात नेमकी तिथून होते. म्हणजे ताकदीचा आकडा जेलबद्दल थोडं सांगतो आणि त्या जेलमधल्या सर्वांत वाईट दोषाबद्दल बरंच सांगतो.

या अडचणीतून वाट काढली ती काचेने. इंग्लंडात फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथला कोडं पडलं होतं की काचेतले बंध एवढे पक्के असताना काच इतक्या कमी ताणाला का फुटते. १९२१ साली छापून आलेल्या निबंधात त्याने उत्तर दिलं : काचेत आधीच बारीक चिरा असतात, आणि प्रश्न काच तुटण्याचा नसून असलेली चीर पुढे सरकण्याचा आहे. चीर पुढे सरकली की तिच्या आजूबाजूचा ताणलेला भाग सैल पडतो आणि त्यात साठलेली ऊर्जा मोकळी होते. दुसरीकडे नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्च होते. मिळकत खर्चापेक्षा जास्त झाली की चीर धावते. म्हणून दर चौरस मीटर नवी चीर पाडायला किती ऊर्जा लागते, हा त्या पदार्थाचा स्वतःचा आकडा. दोष लहान की मोठा यावर तो अवलंबून नाही. हाच चिवटपणा.

मला हे पहिल्यांदा नीट कळलं ते कापडाच्या दुकानात. दुकानदार थान उलगडतो, मीटरपट्टीने मोजतो, काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि दोन्ही बाजू धरून टर्रकन फाडतो. त्या बोटभर चिरेशिवाय तेच कापड त्याच हातांना दाद देत नाही. चीर दिली की सगळा जोर तिच्या टोकावर एकवटतो आणि मग विचारण्यासारखा एकच प्रश्न उरतो, पुढे जायला तुला किती लागतं? चिवटपणा मोजणारा प्रत्येक प्रयोग या चिरेपासून सुरू होतो. दोष चुकवत बसण्यापेक्षा आपणच एक मोठा, धारदार, माहितीतला दोष पाडायचा, म्हणजे बाकीचे बारीक दोष त्याच्यापुढे निष्प्रभ होतात.

ग्रिफिथची काच ताठ होती. मऊ, भरपूर ताणल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी हा विचार रोनाल्ड रिव्हलिन आणि ए. जी. थॉमस यांनी १९५३ साली रबरावर बसवला. त्यांच्या दोन रीती आज जेलसाठी जशाच्या तशा वापरतात.

पहिली पायजम्याची. जेलची लांबट पट्टी घ्यायची आणि एका टोकाकडून मधोमध लांब चीर द्यायची, म्हणजे पायजम्याचे दोन पाय झाले. एक पाय वर ओढायचा, दुसरा खाली, आणि फाटत राहायला किती जोर लागतो ते पाहायचं. चीर एक सेंटिमीटर पुढे गेली की दोन्ही पाय एकेक सेंटिमीटरने लांबतात, म्हणजे पकडी दोन सेंटिमीटर दूर जातात. म्हणून चिवटपणा म्हणजे जोराची दुप्पट भागिले पट्टीची जाडी. समजा पट्टी ५ मिलिमीटर जाड आहे आणि फाटत राहायला १० ग्रॅम वजनाएवढा, म्हणजे ०.१ न्यूटन जोर लागतो. ०.२ भागिले ०.००५, उत्तर ४० ज्यूल दर चौरस मीटर.

हा हिशेब सरळ आहे, पण त्यात पाय स्वतः ताणले जात नाहीत असं गृहीत धरलं आहे. मऊ जेलचे पाय फाटायच्या आधी दीडपट-दुप्पट लांब होतात आणि सूत्र बिघडतं. तेव्हा दुसरी रीत, रुंद पट्टीची. जेलचा पातळ, रुंद, पण उंचीला बुटका तुकडा घेतात आणि त्याच्या वरच्या व खालच्या लांब कडा दोन ताठ पट्ट्यांना चिकटवतात. असे दोन तुकडे लागतात. पहिल्याला चीर न देता ताणायचं आणि किती ताणल्यावर दर घनमीटरला किती ऊर्जा साठली याचा आलेख काढायचा. दुसऱ्याला बाजूने लांब चीर द्यायची आणि ती नेमकी कधी धावायला लागते ते पाहायचं. समजा, दुप्पट ताणल्यावर ती धावली. आता पहिल्या तुकड्याच्या आलेखावर दुप्पट ताणाशी साठलेली ऊर्जा वाचायची, समजा ५६०० ज्यूल दर घनमीटर, आणि तिला तुकड्याच्या मूळ उंचीने, समजा एक सेंटिमीटरने, गुणायचं. ५६ ज्यूल दर चौरस मीटर. गुणाकाराचं कारण डोळ्यांना दिसतं : चीर पुढे जाते तसा तिच्या मागचा पूर्ण उंचीचा भाग सैल पडत जातो आणि पुढचा ताणलेला भाग खर्ची पडतो. चिरेची लांबी या सूत्रात येतच नाही, ही मला या रीतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मऊ, ओल्या जेलमधल्या चिरेचं टोक कुठे आहे हे मिलिमीटरपर्यंत सांगणं किती कठीण असतं, ते करून पाहिलेल्यालाच समजेल.

हे ‘ज्यूल दर चौरस मीटर’ हाताला जाणवावं म्हणून जरा खाली उतरवू. साध्या जेलमध्ये चीर पाडायला दर चौरस मीटरला सुमारे १० ज्यूल पुरतात. म्हणजे एक चौरस सेंटिमीटरला एक ग्रॅम वजन दहा सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. सांध्यातल्या कूर्चेला सुमारे १,००० ज्यूल लागतात आणि नैसर्गिक रबराला १०,००० च्या घरात. कूर्चाही जेलच आहे, तिच्यातही बहुतांश पाणीच असतं. वाटीतली जेली आणि गुडघ्यातली कूर्चा यांच्यात शंभर पटींचं अंतर का, हा प्रश्न म्हणूनच डॉक्टरांपासून रसायनशास्त्रज्ञांपर्यंत सगळ्यांना सतावतो.

कागदावर सोपं वाटणारं हे मोजमाप हाताशी आलं की अडतं ते पकडीपाशी. रबराची पट्टी ओढ-चाचणीच्या यंत्राच्या, म्हणजे यूटीएमच्या, जबड्यात घट्ट आवळता येते. जेल आवळलं तर चिरडतं, सैल सोडलं तर निसटतं. शिकत असताना माझे पहिले कितीतरी तुकडे मी दिलेल्या चिरेशी न फाटता जबड्याच्या कडेशी फाटले. आलेख छान यायचे, पण ते जेलबद्दल नव्हते, माझ्या पकडीबद्दल होते. उपाय अगदी साधा निघाला. तुकड्याची कड टिपकागदाने टिपून कोरडी करायची, अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा, सायनोअ‍ॅक्रिलेटचा, पातळ थर द्यायचा, जेल टेकवायचं आणि जबड्यात जेल न देता ती पट्टी द्यायची. चिरेसाठी प्रत्येक वेळी नवं पातं घ्यायचं. एकदा वापरलेल्या पात्याची चीर टोकाशी गोलसर होते, गोल टोकाची चीर उशिरा धावते आणि जेल आहे त्याहून चिवट दिसतं.

दुसरी अडचण पाण्याची. उघड्यावर ठेवलेला पातळ तुकडा सुकू लागतो. वरची त्वचा ताठ होते, आतलं तसंच राहतं, आणि आपण भलत्याच पदार्थाची परीक्षा घेतो. म्हणून दमट पेटीत, पाण्यात किंवा तेलाचा हात फिरवून चाचणी करतात. त्यातही पाण्यात बुडवलं तर काही जेल फुगतं. निवड करावी लागते आणि ती लिहून ठेवावी लागते.

वेगाची गोष्ट याहून रंजक आहे. पॅरिसमध्ये त्रिस्तां बाउमबर्गर, क्रिस्तियान कारोली आणि ओलिव्हिए रोंसां यांनी जिलेटिनमध्ये चीर वेगवेगळ्या वेगांनी पळवून पाहिली. त्यांचा २००६ सालचा निबंध सांगतो की चीर जितकी जलद, तितकी जास्त ऊर्जा लागते, आणि भोवतीचं द्रव जितकं दाट तितकी ही वाढ जास्त. कारण जिलेटिनच्या साखळ्या चिरेपाशी तुटत नाहीत. त्यांचे पीळ उलगडतात आणि त्या जाळ्यातून उपसून बाहेर ओढल्या जातात, शेवयांच्या गुंत्यातून एकच शेवई ओढावी तशा. ओढताना द्रवाचं घर्षण सोसावं लागतं. त्यांनी चिरेच्या टोकाशी द्रवाचा एक थेंब सोडला, तेव्हा चीर पुढे जायला लागणारी ऊर्जा कमी झाली. एक थेंब! जेलचा चिवटपणा सांगताना वेग सांगावाच लागतो तो यामुळे.

आता घरी परत येऊ, कारण चिवटपणाही स्वयंपाकघरात मोजता येतो, निदान अगारचा. तारेने चीज कापण्यावर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गॉर्डन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून ही रीत पुढे आली. अगारची जाडसर वडी घ्या, ४ सेंटिमीटर रुंद. ती काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. करवतीच्या चौकटीला पातं काढून त्या जागी गिटारची बारीक पोलादी तार ताणून बांधा. तार वडीवर आडवी टेकवून सावकाश, एकाच गतीने खाली उतरवा. आधी वडी दबते आणि आकडा चढत जातो. मग तार आत शिरते, आकडा जरा उतरतो आणि कापत असताना बऱ्यापैकी एका जागी राहतो. तो स्थिर आकडा लिहून घ्या.

हे तीन जाडींच्या तारांनी करायचं. गिटारच्या साध्या संचात ०.२५, ०.३३ आणि ०.४३ मिलिमीटरच्या नुसत्या पोलादी तारा मिळतात. समजा काट्यावर अनुक्रमे ३०, ३६ आणि ४३ ग्रॅम आले. आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर तारेची जाडी, उभ्यावर ग्रॅम. तीन ठिपक्यांमधून पट्टीने रेघ ओढा आणि ती डावीकडे, शून्य जाडीपर्यंत वाढवा. रेघ १२ ग्रॅमच्या आसपास उभ्या अक्षाला भेटेल. जाड तारेला दोन कामं असतात : जेल चिरणं, आणि स्वतःला जागा करण्यासाठी ते बाजूला रेटणं. तार बारीक होत गेली की रेटण्याचं काम घटतं. शून्य जाडीच्या, म्हणजे कल्पनेतल्या तारेला फक्त चिरायचं उरतं. ते १२ ग्रॅम म्हणजे ०.१२ न्यूटन, भागिले वडीची रुंदी ०.०४ मीटर, उत्तर ३ ज्यूल दर चौरस मीटर. घर्षणामुळे, हात थरथरल्यामुळे यात चूक राहणार; पण उत्तर तीनशे न येता तीन-पाचच्या घरात येतं, आणि तुम्ही ओट्यावर उभं राहून एका पदार्थाची भंग-ऊर्जा मोजलेली असते. वडीत बुडबुडा असला तरी हा आकडा फारसा हलत नाही. आधीच्या सहा वाट्यांशी ताडून पाहा.

ओट्यावरचं हे काम कमी प्रतीचं समजू नये. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचं जेल करणाऱ्या ओट्टो विख्टरलेने १९६१ च्या नाताळात प्रागमधल्या घरी मुलांच्या मेर्कुर खेळण्याच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून लेन्स घडवायचं पहिलं यंत्र केलं होतं. रोज डोळ्यातून काढताना चिमटीत दबणारी ती लेन्स फाटत नाही, हा तिच्या जेलच्या चिवटपणाचा प्रश्न आहे.

चिवटपणा येतो कुठून? लेक आणि थॉमस यांनी १९६७ साली रबरासाठी दिलेलं उत्तर साखळीच्या लांबीत आहे. चिरेच्या वाटेत आलेली साखळी तुटायच्या आधी तिचा प्रत्येक बंध कमाल ताणाला पोचलेला असतो. तुटतो एकच बंध, पण शेकडो बंधांत साठलेली ऊर्जा वाया जाते. म्हणून गाठी दूर दूर असलेलं, लांब साखळ्यांचं जाळं जास्त चिवट. पण गाठी दूर म्हणजे जाळं विरळ, आणि विरळ जाळं मऊ. घट्टपणा हवा तर चिवटपणा सोडा, हा सौदा बराच काळ अटळ वाटत होता.

जपानच्या होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तो मोडला. त्यांनी एकात एक गुंतलेली दोन जाळी केली. पहिलं जाळं दाट, ताठ, ठिसूळ. दुसरं सैल, लांब साखळ्यांचं. दोन्ही वेगवेगळी दुबळी. एकत्र मात्र, नव्वद टक्के पाणी असूनही, त्यांचा चिवटपणा शेकडो ज्यूल दर चौरस मीटरच्या पातळीवर गेला. चीर जवळ आली की तिच्या टोकाभोवतीच्या मोठ्या भागात पहिलं जाळं जागोजाग तुटतं आणि ऊर्जा गिळतं, दुसरं जाळं तुकडे धरून ठेवतं. पुढे २०१२ साली हार्वर्डच्या झिगांग सुओ यांच्या गटाने शैवालातलं अल्जिनेट आणि पॉलिअ‍ॅक्रिलामाइड एकत्र करून जवळपास ९,००० ज्यूल दर चौरस मीटर गाठले. हे जेल वीसपट ताणलं जातं. आपल्या मघाच्या हिशेबात सांगायचं तर त्याचा एक चौरस सेंटिमीटर फाडायला नव्वद ग्रॅमचं वजन एक मीटर उचलण्याएवढी ऊर्जा लागते. तो आकडा त्यांनी रुंद पट्टीच्या रीतीनेच काढला होता, एक तुकडा अखंड, एक चिरलेला.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, चिरेचा विचार उलट टोकाने झाला : पडलेली चीर पुन्हा सांधता येईल का? शायनी वर्गीस, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी २००६ साली धातूच्या आयनांच्या मदतीने कापलेलं जेल सांधून दाखवलं. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या गटासोबत याच मंडळींनी आम्लात काही सेकंदांत जुळणारं जेल मांडलं. आम्ल काढून घेतलं की जोड पुन्हा सुटतो. अशा जेलची परीक्षाही पात्यानेच होते. कापायचं, टेकवायचं, ठरलेला वेळ थांबायचं आणि सांधा ओढून पाहायचा. सांधलेला तुकडा जुन्याच जागी फाटतो की दुसरीकडे, इथे खरं उत्तर असतं.

एक मोजमाप अजून राहतं, आणि माझ्या मते पुढच्या काही वर्षांत तेच सर्वांत महत्त्वाचं ठरेल. आतापर्यंतच्या सगळ्या चाचण्या जेलला एकदाच ओढतात. दोन जाळ्यांच्या जेलमध्ये पहिलं जाळं एकदा तुटलं की तुटलं. दुसऱ्या ओढीला ते मदतीला नसतं. त्यामुळे एकदा ओढल्यावर हजारो ज्यूल मागणारी चीर, पुन्हा पुन्हा हलक्या हाताने ओढत राहिलं तर फार कमी ऊर्जेत पुढे सरकते. आता गुडघा आठवा. रोज पाच हजार पावलं चालणाऱ्याच्या कृत्रिम कूर्चेत चीर दर पावलाला फक्त एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग, पुढे गेली तर संध्याकाळपर्यंत ती पाच मिलिमीटर होते. गुडघ्यातली कूर्चा बहुतेक ठिकाणी त्याहून पातळ असते.

म्हणून हल्ली चिरलेला तुकडा पाण्याच्या पेटीत लावून यंत्र सुरू करून देतात आणि रात्रंदिवस ओढ-सोड, ओढ-सोड चालू राहते. कॅमेरा चिरेच्या टोकावर रोखलेला असतो. ताण थोडा थोडा कमी करत नवनवे तुकडे लावत जातात, आणि वहीत नोंद होते ती एवढीच : इतक्या हजार ओढींनंतर टोक हललं, की होतं तिथेच राहिलं.